दारव्ह्याहून युरोप: रेल्वेचा पास घेऊ का, आणि हॉस्टेलात एकटीने राहू का?

पळसफूल

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. वय २६, तालुक्याला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी, घरी सात एकर वावर. चार वर्षे पगारातून बाजूला टाकत टाकत दोन लाख साठ हजार जमवले. येत्या मे महिन्यात युरोपात रेल्वेने फिरायचे मनात आहे. एकटीने. टूरवाल्यांसोबत जायचे नाही, कारण बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये चढा, हे मला नको. मला खिडकीत बसून बाहेर पाहायचे आहे.

लहानपणी आजोबांसोबत शकुंतला या आपल्या छोट्या रेल्वेगाडीने मूर्तिजापूरला जायची. आजोबा रुळांकडे बोट दाखवून सांगायचे, याच गाडीतून आपल्या भागाचा कापूस निघायचा, पुढे मुंबई आणि मग जहाजाने मँचेस्टर. म्हणून यादीत मँचेस्टर आहेच.

यादी अशी: लंडन, मँचेस्टर, पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम, झुरिक. दिवस १६. हे बसते का? पास घ्यावा की सुटी तिकिटे? शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला व्हिसा देतात का?

बाबा नाही म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. रोज जेवताना एकच विचारतात, "रात्री कोणाच्या घरी राहशील?" एका खोलीत सहा-आठ अनोळखी लोक झोपतात हे मी अजून त्यांना सांगितलेलेच नाही. कोणी जाऊन आले असेल तर खरे खरे सांगा.

अडाणकाठचा

ताई, मी तुमच्याच तालुक्यातला. वय ३१, कापूस आणि सोयाबीन. मे २०२४ मध्ये एकटा जाऊन आलो. म्युनिकला ३ रात्री, साल्झबर्ग २, व्हिएन्ना ४, बुडापेस्ट ३, प्राग ३, बर्लिन ३ आणि शेवटची रात्र ब्रेमेनला. परतीचे विमान फ्रँकफर्टहून. विमान धरून दोन लाखांच्या थोडे आत झाले.

रेल्वे आणि हॉस्टेल नंतर. आधी व्हिसा, कारण आपल्यासारखे लोक तिथेच अडतात.

२०२३ मध्ये माझा व्हिसा नाकारला होता. खात्यात तेव्हा जेमतेम ४० हजार होते. एक एजंट म्हणाला, आकडा मोठा दिसला की काम झाले. काकाने आणि मामाने मिळून अडीच लाख माझ्या खात्यात टाकले, अर्जाच्या बारा दिवस आधी. पासपोर्ट परत आला तो एका छापील कागदासोबत. पुरेशी रक्कम स्वतःची असल्याचे सिद्ध होत नाही, या ओळीसमोर खूण केलेली. फी परत मिळत नाही. काकाचे पैसे दुसऱ्याच दिवशी परत केले, पण आई दोन दिवस नीट जेवली नाही, ते माझ्या डोक्यातून जात नव्हते.

त्या हंगामात मी एक गोष्ट वेगळी केली. माझ्या नावावरच्या पाच एकरांतला कापूस व्यापाऱ्याला रोखीने न देता सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर नेला. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ७,०२० रुपये क्विंटल होता. गाड्यांच्या रांगेत एक अख्खी रात्र ट्रॅक्टरवर काढली, पण पैसे थेट बँकेत आले आणि कोणाकडून आले ते पासबुकात छापून आले. अडीच लाखांच्या वर, दोन खेपांत. अर्जाला सहा महिन्यांचे स्टेटमेंट लावले, मोजमापाच्या पावत्या लावल्या आणि सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर जोडले. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो, त्यामुळे फक्त रिटर्न पाहून आपली कमाई कोणाला कळत नाही. म्हणून एका पानाचे पत्र लिहिले: किती एकर, काय पिकते, कोणत्या महिन्यात पैसा येतो आणि जूनच्या पेरणीला मला घरी का यावेच लागते. माझ्या मते ते शेवटचे वाक्य फार कामाचे होते. तुमचे तर सोपे आहे, दर महिन्याचा पगार आहे. ऑफिसचे रजा मंजुरीचे पत्र घ्या आणि आता अचानक कोणाकडून मोठी रक्कम खात्यात घेऊ नका, अगदी बाबांकडूनही नाही. ते देणारच असतील तर त्यांचे तसे पत्र आणि त्यांचे स्टेटमेंट वेगळे लावा.

अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्या असल्या तर जिथे पहिले पाऊल टाकणार तिथे. माझ्या जर्मनीत सात रात्री होत्या म्हणून जर्मनी. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो पोचलाच पाहिजे. शेवटच्या महिन्यावर ठेवू नका, भेटीची वेळच मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. मी भरली तेव्हा फी ८० युरो होती, जून २०२४ पासून ९० झाली आहे.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. अर्जाला बोटांचे ठसे द्यावे लागतात, मी मुंबईला दिले. वेचणीत बोंडाच्या टोकांनी माझी बोटे चिरली होती, वर पऱ्हाटी उपटल्याचे घट्टे. मशीन अंगठा घेईना. चारदा हात पुसायला लावले, मागे रांग थांबलेली. शेवटी तिथल्या मुलीने थोडे क्रीम चोळायला दिले तेव्हा ठसा उमटला. तुम्ही वावरात हात घालत असाल तर आठ दिवस आधीपासून रात्री खोबरेल लावून झोपा.

आता यादी. १६ दिवसांत दहा शहरे म्हणजे युरोप नाही, फक्त स्टेशने पाहून याल. लंडन आणि मँचेस्टर आधी काढा. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, नाही. रेल्वेचा युरेल पास तिथे चालतो, पण व्हिसा वेगळा, फी वेगळी, कागद वेगळे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे, पण खिशाला जड. माझे ऐकाल तर पाच शहरे ठेवा.

पासबद्दल. आपल्यासारख्या युरोपाबाहेरच्या लोकांना युरेल पास मिळतो, तिथल्या रहिवाशांचा तो इंटररेल. ३३ देशांत चालतो. मी एका महिन्यात कोणतेही ७ दिवस असा घेतला होता, कारण माझे प्रवास बरोब्बर सात होते. २७ वर्षांपर्यंत युवा पास स्वस्त असतो, तुम्ही त्यात बसता. पण पास म्हणजे सगळीकडे जागा, असे समजू नका. फ्रान्सची टीजीव्ही, युरोस्टार, इटली-स्पेनच्या जलद गाड्या आणि रात्रीच्या गाड्या यांना आरक्षणाचे पैसे वेगळे. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकमध्ये बहुतेक गाड्यांत नुसते चढता येते. सीटवरच्या पट्टीवर दोन शहरांची नावे दिसली तर ती जागा तेवढ्या टप्प्यापुरती कोणाची तरी आहे. मी साल्झबर्गहून निघताना अशाच जागेवर बसलो होतो. एक आजी आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त पट्टीकडे पाहिले. मी उठलो.

तारखा पक्क्या असतील आणि दोन-तीन महिने आधी काढाल तर सुटी तिकिटे पासापेक्षा स्वस्त पडू शकतात. पण ती त्याच गाडीची. गाडी चुकली की तिकीट गेले. माझी गाडी चुकली होती म्हणून मला पासाची किंमत कळली. बुडापेस्टला व्हिएन्नाहून आलो तो केलेती स्टेशनवर उतरलो. प्रागला जायच्या दिवशी सकाळी पाठीवर बॅग टाकून परत केलेतीलाच गेलो. फलकावर प्रागची गाडीच नाही. गाडी होती न्युगाती स्टेशनवरून, शहराच्या दुसऱ्या भागात. नागपूरला उतरलेला माणूस इतवारीच्या गाडीसाठी नागपूर स्टेशनवरच उभा राहावा तसे झाले. धापा टाकत पोचलो तेव्हा फलाट रिकामा होता. तिकीट असते तर पैसे बुडाले असते. पासावर मोबाइलमध्ये पुढची गाडी टाकली, नवा क्यूआर कोड आला, बस्स. मग मधल्या वेळात ते स्टेशन डोळे भरून पाहिले. १८७७ चे आहे, पॅरिसचा मनोरा बांधणाऱ्या आयफेलच्याच कंपनीने उभारलेले, समोर सगळी लोखंड आणि काच. पॅरिसला तर अशी मोठी स्टेशने सहा आहेत. तिकिटावर शहराच्या नावाखाली स्टेशनचे नाव असते, ते मोठ्याने वाचा आणि वहीत लिहा.

दारे आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावे लागते. जर्मनीत गाड्या उशिरा येतात, गाडी बदलायला ४० मिनिटे तरी ठेवा. काही गाड्यांचे वाटेत दोन भाग होतात, हाम नावाच्या स्टेशनवर हे रोजचे आहे. डब्याचा नंबर पाहूनच बसा, नाहीतर बसाल एका शहरासाठी आणि पोचाल भलतीकडे.

खाण्याचे. खवा, पेढे, तूप नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. संत्रीही नाही, बहुतेक ताज्या फळांना कागद लागतो. मी दीड किलो ज्वारीचे पीठ, बेसन, जवसाची चटणी आणि तिखट नेले. हॉस्टेलात स्वयंपाकघर असते, भांडी असतात, घासून जागेवर ठेवायची. पण तिथे काचेची सपाट वीजशेगडी, जाळ नाही. व्हिएन्नाला पहिल्या दिवशी भाकर थापली, टाकली, उलटली, ती फुगेचना. पापडासारखी कडक झाली. दुसऱ्या दिवसापासून पीठ पातळ करून कांदा घालून धिरडी केली, ती सुंदर झाली. शेजारी एक चिलीचा पोरगा मका भाजत होता. त्याला धिरडे दिले, त्याने अर्धे कणीस दिले. त्याच्याही घरी शेती, द्राक्षाची. पाणी कोठून येते, मजूर मिळतात का, हेच आम्ही रात्री अकरापर्यंत बोललो, मोबाइलवर भाषांतर करून करून.

रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकाने बंद. साल्झबर्गला रविवारी पोचलो, तेव्हा पाव आणि जवसाची चटणी यावर दिवस काढला. मोठ्या स्टेशनातली दुकाने उघडी असतात हे नंतर कळले.

ब्रेमेनला का गेलो ते वेगळे लिहीन, आता ओलिताची वेळ झाली. लाइन आठपर्यंतच आहे.

वायगावची हळद

बाळा, मी वर्धा जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा हॉस्टेलातच राहिले, दुसऱ्या वेळी वय ५७ होते. तुझ्या बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्याला हसू नकोस.

त्यांना असे सांग. शेगावची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा वारकरी गावोगावच्या शाळेत उतरतात की नाही? वर्गात सतरंजी, उशाला पिशवी, शेजारी कोण ते माहीत नाही. हॉस्टेल हे त्याच जातीचे आहे. आणि ते निघालेही शाळेतूनच. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला जायचे. १९०९ मध्ये ते वादळात सापडले आणि एका गावच्या शाळेत पेंढा पसरून सगळ्यांनी रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग मुलांना असा मुक्काम गावोगाव का मिळू नये, हे त्यांना त्या रात्री सुचले. १९१२ मध्ये अल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा हॉस्टेल सुरू झाले. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, मला हे वाचून भरून आले होते. मी किती वेळा सहलीत मुलींना शाळेच्या वऱ्हांड्यात झोपवले आहे.

आता कामाचे. खोली निवडताना 'फक्त महिला' असा पर्याय असतो, तो घे. थोडे पैसे जास्त पडतात, पडू दे. पलंगाला पडदा आणि उशाजवळ दिवा असेल असे पाहा. लॉकर असते, कुलूप बहुधा आपलेच लागते, घरून चांगले पितळी ने. पासपोर्ट आणि पैसे झोपतानाही अंगावर. चादर देतात, टॉवेलचे बहुतेक ठिकाणी भाडे घेतात. खोली दुपारी दोन-तीननंतर मिळते, लवकर पोचलीस तर बॅग ठेवायला जागा असते. पहिल्या गावी अंधार पडायच्या आत पोचेल अशीच गाडी धर. मे महिन्यात तिकडे रात्री साडेआठ-नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे हे कठीण नाही.

गोंगाटाची हॉस्टेलेही आहेत, तळमजल्यावर दारूचा बार असलेली. तिथे राहिलेल्या बायकांनी काय लिहिले आहे ते वाच, एकूण गुण पाहू नकोस. मी एकदा स्वस्त म्हणून अशा ठिकाणी बुकिंग केले. पहाटे तीनपर्यंत खाली नाच चालू होता. सकाळी उठून चार युरो जास्तीच्या जागी गेले आणि तिथे पाच दिवस राहिले.

बाबांसाठी एक कागद कर. मराठीत, मोठ्या अक्षरात. तारीख, गाव, हॉस्टेलचे नाव, फोन, कोणत्या गाडीने जाणार. देवघराशेजारी चिकटव. उन्हाळ्यात आपले घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. तुझे संध्याकाळचे पाच म्हणजे बाबांचे साडेआठ, जेवणाची वेळ. रोज तेव्हाच फोन कर. युरोपीय संघातल्या एका देशाचे सिम बाकी देशांतही त्याच पैशांत चालते, त्यामुळे सीमा ओलांडली की फोन बंद, असे होत नाही. अडचणीला सगळीकडे ११२.

पहिल्या रात्री मला झोप आली नव्हती, तुलाही येणार नाही. माझ्या खालच्या पलंगावर एक पोर्तुगालच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मी कूस बदलते आहे हे ऐकून त्यांनी दिवा लावला, पिशवीतून खजूर काढले आणि वर हात केला.

जुना गार्ड

पोरी, म्या मूर्तिजापूरले लय वर्षं नोकरी केली. तुह्या आजोबानं सांगतलं ते खरं हाय. शकुंतलेचं वाफेचं इंजिन मँचेस्टरलेच बनलं व्हतं, १९२१ साली. इकडं १९२३ पासून चाललं ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत, मंग डिझेल आलं. रूळ अडीच फुटाचे. मूर्तिजापुरातून एक फाटा यवतमाळले, एक अचलपूरले. आता दोन्ही बंद हायेत, रुळावर बाभळी वाढल्या, पाहून जीव तुटते.

मँचेस्टरले आता नाई गेली तरी चालते, पण कवा ना कवा जाय. १८३० ची लिव्हरपूल-मँचेस्टर लाइन, तिचं जुनं स्टेशन तिथं अजून उभं हाय, आता त्यात संग्रहालय हाय. मले जायचं व्हतं. गुडघ्यानं नाई म्हणलं.

तिकडच्या गाडीत बसली का येक काम करजो. गार्डाले नमस्कार करजो. कोनीच करत नाई.

पळसफूल

सगळ्यांचे वाचून रात्री उशिरापर्यंत जागी होते. काका, नक्की करीन.

यादी कापली. बर्लिन ३, प्राग ४, व्हिएन्ना ४, साल्झबर्ग २, म्युनिक ३. म्हणजे जर्मनी ६ आणि ऑस्ट्रियाही ६. दोन्हीकडे सारख्या रात्री झाल्या, पण पहिले पाऊल बर्लिनला, म्हणून अर्ज जर्मनीकडे, बरोबर ना? प्रवास चारच आहेत. दादा, तुमच्या हिशोबाने मग मला पास नकोच वाटतो, चारही तिकिटे आधी काढीन.

मॅडम, शाळेतल्या मुक्कामाचे बाबांना सांगितले. ते स्वतः दोन वेळा पालखीसोबत गेलेले आहेत. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शाळेत संडासाची सोय नव्हती, तिथे आहे का?" मी म्हटले आहे. आज त्यांनी पासबुक भरून आणले, न सांगता.

दादा, ब्रेमेनचे राहिले.

अडाणकाठचा

हो, अर्ज जर्मनीकडेच. पण सारख्या रात्रींवर कोणी प्रश्न काढू नये म्हणून व्हिएन्नाची एक कमी करून बर्लिनला ४ करा, वादच मिटतो. चार प्रवासांना पास नको, बरोबर आहे. तिकिटे मात्र व्हिसा हातात आल्यावरच काढा. अर्जाला हॉस्टेलचे बुकिंग रद्द करता येणारे लावा.

ब्रेमेन. तिथे कापसाचा बाजार आहे, १८७२ मध्ये सुरू झालेला. मी लहानपणापासून घरात ऐकत आलो की भाव बाहेरून ठरतो. बाहेर म्हणजे कुठे, हे कोणी सांगितले नव्हते. ब्रेमेन ही पूर्वी त्यातली एक जागा होती, म्हणून एक रात्र ठेवली. मोठी दगडी इमारत आहे. आत गेलो नाही, आत जाऊन कोणाला काय विचारणार होतो? दारावरच्या नावात 'बाउमवोल' असा शब्द होता. हॉस्टेलातल्या पोराला अर्थ विचारला. तो म्हणाला, बाउम म्हणजे झाड, वोल म्हणजे लोकर. झाडाची लोकर. त्याने कापसाचे झाड कधी पाहिले नव्हते. माझ्या मोबाइलमध्ये नोव्हेंबरातल्या वावराचा फोटो होता, फुटलेल्या बोंडांचा, मागे आई कमरेला ओटी बांधून वेचते आहे. तो दाखवला. त्याने फोटो मोठा करून बोंड पाहिले, मग आईचे हात पाहिले आणि विचारले, हे सगळे हाताने? मी म्हटले, हो, सगळे. तो बराच वेळ फोटो पाहत राहिला.

तुमच्या मार्गावर ब्रेमेन नाही, राहू द्या. पण बर्लिनहून प्रागला जाताना डावीकडची खिडकी घ्या. ड्रेस्डेन गेले की एल्बे नदी गाडीला लागून येते, पलीकडे उभे कडे, आणि सीमा ओलांडली तरी नदी सोबतच असते. तेवढा वेळ मोबाइल पिशवीत ठेवा. डबा हॉस्टेलातूनच बांधून घ्या, त्या पट्ट्यात जेवायला उठू नका.